३७ सेकंदांमागचा इतिहास : मुरलीकांत पेटकर

१/ भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण कोणी मिळवून दिले? स्पर्धापरीक्षेतले ठरलेले उत्तर : अभिनव बिंद्रा, बीजिंग, २००८. उत्तर अचूक आहे. परंतु त्याच्या ३६ वर्षे आधी, ऑगस्ट १९७२ मध्ये, पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे एका मराठी जवानाने जागतिक विक्रमासह वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले होते. स्पर्धा पॅरालिंपिकची होती. त्या जवानाने पुढे नोकरी केली ती पुण्याच्या टेल्कोत, म्हणजे आपल्या पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात. आजचा थ्रेड मुरलीकांत पेटकर यांच्यावर. 🧵

२/ पेटकरांविषयी जे लिहिले जाते, त्यात 'जिद्द' हा शब्द हमखास असतो. तो खोटा नाही, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला अपुरा वाटावा असा आहे. उपजत गुणांचे सोने करणारे खेळाडू आपण वाखाणतो. तो गुण नेमका कोणता होता आणि त्याचे सोने होण्यासाठी त्या माणसाच्या बाहेर काय काय असावे लागले, हे मात्र क्वचितच विचारतो. या थ्रेडमध्ये तेवढेच विचारू.

३/ पेटकरांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ चा, आजच्या सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचा. हा मुलूख तालमींचा. अंगात रग असलेल्या पोराने लाल मातीत उतरावे, हा इथला रिवाज. १९५२ मध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत फ्रीस्टाइल कुस्तीचे कांस्यपदक जिंकले, तेव्हा मुरलीकांत सात वर्षांचे होते. त्यांचीही पहिली ओढ कुस्तीचीच.

४/ खाशाबांचे उदाहरण इथे मुद्दाम घेतो. त्यांच्या चपळाईबद्दल कोणालाच शंका नव्हती. तरीही हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे उभे करावे लागले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. म्हणजे त्या पदकाच्या इतिहासात एक गहाणखतही आहे. गुण खाशाबांचा, पण तो आखाड्यापर्यंत पोहोचला दुसऱ्याच्या घराच्या तारणावर.

५/ पेटकरांना आखाडा मिळाला तो सैन्यात. कोवळ्या वयातच ते लष्कराच्या बॉईज बटालियनमध्ये दाखल झाले. पुढे ईएमई, म्हणजे लष्कराची यंत्रे व वाहने सांभाळणारे दल, त्यात कारागीर-जवान झाले. सिकंदराबादला त्यांनी मुष्टियुद्धात नाव मिळवले. कुस्तीच्या मातीतला मुलगा मुष्टियुद्धाच्या रिंगणात सहज रुळला. त्यांचा उपजत गुण एका खेळाला बांधलेला नव्हता, याची ही पहिली खूण.

६/ १९६५ चे भारत-पाक युद्ध. पश्चिम आघाडीवर हवाई हल्ल्याच्या वेळी पेटकरांच्या शरीरात अनेक गोळ्या घुसल्या. त्यांतली एक पाठीच्या कण्यात रुतली आणि ती कायमची तिथेच राहिली. कमरेखालचे शरीर निकामी झाले. तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावरच होते. मुष्टियोद्ध्याचा ठोसा पायांच्या रोवणीतून वर येतो. ती रोवणीच गेली.

७/ इथे थोडे मागे जाऊ. दुसऱ्या महायुद्धापूर्वी कण्याला अशी इजा झालेले बहुतेक रुग्ण शय्याव्रणाने किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने थोड्याच काळात दगावत. हे चित्र पालटण्यात मोठा वाटा डॉ. लुडविग गुटमन यांचा. नाझी राजवटीतून १९३९ मध्ये निसटलेला हा ज्यू मज्जाशल्यविशारद. १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात त्यांच्या देखरेखीखाली मज्जारज्जू-दुखापतीचा विभाग सुरू झाला. पेटकरांचा जन्म त्याच वर्षीचा.

८/ गुटमन यांनी खेळाला उपचाराचे स्थान दिले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी १६ जखमी सैनिक-सैनिकींची तिरंदाजी स्पर्धा भरवली. त्यातूनच १९६० मध्ये रोमला पहिली पॅरालिंपिक स्पर्धा झाली. पेटकर जखमी झाले तेव्हा त्यांच्यासारख्या खेळाडूंसाठीची जागतिक स्पर्धा अवघी पाच वर्षांची होती. २५ वर्षे आधी जखमी झाले असते, तर हायडेलबर्गचा प्रश्नच उद्भवला नसता.

९/ मुंबईच्या 'अश्विनी' या नौदल रुग्णालयात पेटकरांना उपचार म्हणून पाण्यात उतरवण्यात आले. पाणी शरीराचा भार पेलते, पण निर्जीव पाय खाली झुकतात आणि प्रवाहाला अडवतात. खांदे, दंड आणि श्वास यांच्या बळावर तो अडसर ओढून न्यावा लागतो. मुष्टियुद्धाने पेटकरांना नेमके हेच तीन दिले होते. रिंगणात पायांशिवाय निरुपयोगी ठरलेली ताकद तलावात कामी आली.

१०/ १९६८ ची पॅरालिंपिक खरे तर मेक्सिकोत व्हायची. मेक्सिकोने असमर्थता दर्शविल्यावर ती इस्राएलमध्ये तेल अवीवला झाली. तेथे पेटकर टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी पार करून आले. या परदेशवाऱ्यांसाठी मदत मिळाली ती क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या संस्थेकडून. खाशाबांचे खर्डेकर, तसे पेटकरांचे मर्चंट.

११/ १९७२ ची पॅरालिंपिक म्युनिकला होऊ शकली नाही, कारण तिथल्या ऑलिंपिक क्रीडाग्रामाच्या सदनिका ऑलिंपिकनंतर खासगी वापरासाठी द्यायच्या होत्या. म्हणून हायडेलबर्ग. पुरुषांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पेटकरांनी ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवली : सुवर्ण आणि जागतिक विक्रम. भालाफेक आणि चाकाच्या खुर्चीची अडथळ्यांची शर्यत यांतही त्यांनी अंतिम फेरी गाठली. कुस्ती, मुष्टियुद्ध, टेबल टेनिस, जलतरण, भाला : एकाच शरीराचा हा आलेख नीट पाहा.

१२/ काही आठवड्यांनी म्युनिकला मार्क स्पिट्झने जलतरणात सात सुवर्णपदके जिंकली आणि जगभर त्याचे नाव झाले. भारताला म्युनिकहून हॉकीचे कांस्य मिळाले. त्याच देशात, त्याच ऋतूत भारताच्या नावावर जलतरणाचे एक सुवर्ण नोंदले गेले होते, पण आपल्या क्रीडास्मृतीत त्याला जागा मिळाली नाही. पॅरालिंपिकमधले भारताचे पुढचे सुवर्ण यायला ३२ वर्षे लागली : देवेंद्र झाझरिया, भालाफेक, अथेन्स, २००४.

१३/ आता आपल्या गावाकडे येऊ. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, मग आकुर्डीत बजाज, १९६० च्या दशकात एमआयडीसी आणि टेल्को. शेतीवाडीची गावे पाहता पाहता कारखान्यांचे शहर झाली आणि १९७० मध्ये येथे नगरपालिका आली. मदतीचा प्रस्ताव आला तेव्हा आपण दान नको, काम द्या असे म्हटले, असे पेटकरांनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे. ते काम टेल्कोत मिळाले. दरमहा पगार हाती पडणे, ही पदकाइतकीच मोठी गोष्ट होती.

१४/ कारण त्या काळी कमरेखाली लुळ्या पडलेल्या जवानासाठी समाजाकडे दोनच जागा होत्या : घरातला कोपरा किंवा कोणाची तरी दया. पुणे आणि पिंपरीच्या मधल्या खडकीत अशा जवानांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले ते १९७४ मध्ये, म्हणजे पेटकरांच्या सुवर्णानंतर. स्वतःच्या कमाईवर संसार करणारा दिव्यांग कामगार हे दृश्य तेव्हा दुर्मीळ होते.

१५/ सन्मानांचा क्रमही लक्षात ठेवा. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जातो. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. त्यांच्या आयुष्यावरचा 'चंदू चॅम्पियन' चित्रपट जून २०२४ चा. अर्जुन पुरस्कार (जीवनगौरव) राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी. खाशाबांना तर अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

१६/ तर पेटकरांचा उपजत गुण कोणता? माझ्या मते, हाती उरलेल्या बळाला साजेसे काम शोधून काढण्याचा. ते त्यांचे स्वतःचे, त्याचे श्रेय इतर कोणाला देता येणार नाही. पण त्या बळाला वाट मिळाली ती एका डॉक्टरच्या नव्या विचारातून, एका रुग्णालयाच्या तलावातून, कोणीतरी भरलेल्या प्रवासखर्चातून. यांतला एक दुवा निखळला असता, तरी जिद्द तेवढीच राहिली असती. पदक मात्र नसते. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या इतर किती जवानांच्या बाबतीत असेच झाले असेल, याचा विचार करा.

१७/ म्हणून एक विनंती. पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी, चाकणमध्ये राहणाऱ्यांनो, आपल्या घरातल्या, सोसायटीतल्या निवृत्त कामगारांना विचारा : कारखान्याच्या संघातून कोण खेळत असे? कबड्डी, कुस्ती, सायकल, काहीही. जुन्या गृहपत्रिका, गटाचे फोटो, प्रमाणपत्रे रद्दीत जाण्याआधी त्यांची छायाचित्रे काढून ठेवा. नाव, साल आणि खेळ मागे लिहून ठेवा. पेटकरांची नोंद निदान हायडेलबर्गच्या निकालपत्रकात तरी होती. बाकीच्यांची नोंद आपण केली नाही, तर कुठेच राहणार नाही.

थ्रेड समाप्त. तुमच्या घरात असे कोणी असेल, तर खाली जरूर लिहा. 🙏