सॉफ्टवेअर विकासातील मापके

सॉफ्टवेअर विकासातील मापके म्हणजे आज्ञावली, ती तयार करण्याची प्रक्रिया आणि ती तयार करणारा चमू यांविषयी संख्येत मांडलेली निरीक्षणे होत. कामाचा अंदाज बांधणे, दोषांचा मागोवा घेणे आणि वेळापत्रक सांभाळणे यांसाठी ती वापरली जातात. त्याच आकड्यांवर व्यक्तीची पगारवाढ ठरवावी की नाही, हा या विषयातील मुख्य वाद आहे.

इतिहास

सर्वांत जुने माप कोडच्या ओळींचे. ते मोजायला सोपे असले तरी फसवे आहे. एकच काम एका भाषेत शंभर ओळींत, तर दुसरीत वीस ओळींत होते. निरुपयोगी कोड काढून टाकणाऱ्या अनुभवी अभियंत्याचे काम तर या मापाने उणे भरते. थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये आज्ञावलीतील निर्णयबिंदूंवरून गुंतागुंत मोजण्याची रीत मांडली. आयबीएममधील ॲलन अल्ब्रेक्ट यांनी १९७९ मध्ये 'फंक्शन पॉइंट' सुचवले. त्यात ओळींऐवजी वापरकर्त्याला मिळणारे कार्य मोजले जाते. टॉम डीमार्को यांनी १९८२ मधील ग्रंथात मापनाशिवाय नियंत्रण शक्य नाही अशी भूमिका घेतली होती. २००९ मध्ये त्यांनी स्वतःच तिच्याविषयी शंका व्यक्त केली.

भारतातील प्रसार

अमेरिकेतील सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने १९९१ मध्ये 'क्षमता परिपक्वता प्रतिमान' (सीएमएम) प्रसिद्ध केले. त्याच्या चौथ्या पातळीवर प्रक्रियेचे संख्यात्मक व्यवस्थापन अपेक्षित असते. परदेशी ग्राहकांचा विश्वास मिळवण्यासाठी भारतीय कंपन्यांनी पाचव्या पातळीपर्यंतची मानांकने घेतली आणि मापन हा येथील नोकरीचा नित्य भाग झाला. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (१९४७), कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) आणि वाळवा तालुक्यातील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (१९८३) येथून बाहेर पडणाऱ्या अनेक अभियंत्यांचा या व्यवस्थेशी पहिला संबंध पुण्यातील कंपन्यांत येतो.

मोबदल्याशी सांगड

माप हेच उद्दिष्ट बनले की त्याची विश्वासार्हता जाते, या आशयाचे तत्त्व अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी ते १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडले होते. सॉफ्टवेअरमध्ये त्याचा प्रत्यय 'स्टोरी पॉइंट'बाबत येतो. हे गुण चमू स्वतःच्या अंदाजासाठी देतो, त्यामुळे दोन चमूंची तुलना त्यांवरून करता येत नाही. व्यवस्थापनाने दर पंधरवड्याला वाढीव गुण मागितले, की काल तीन गुणांचे असलेले काम आज पाचांचे होते. काम मात्र तेवढेच राहते. सापडलेल्या दोषांची संख्या बक्षिसाशी जोडली, तर किरकोळ दोषांच्या नोंदी वाढतात.

सातारा-सांगलीच्या वाचकाला साखर उताऱ्याचे उदाहरण जवळचे वाटेल. उसाचा रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) उताऱ्याशी बांधलेला आहे. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला तो प्रतिटन ३,४०० रुपये होता. कारखान्याने रस किंवा बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवली की ऊस तोच असूनही साखर कमी निघते. ही घट हिशेबात परत मिळवली नाही, तर तोटा शेतकऱ्याचा होतो. एकाच उत्पादनावर बेतलेल्या मापाची ही मर्यादा आज्ञावलीलाही लागू पडते: सहकाऱ्याचा कोड तपासणे, नवख्याला शिकवणे किंवा बिघाड होऊ न देणे ही कामे ओळींच्या हिशेबात दिसतच नाहीत.

चमूची मापके

निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या २०१८ मधील ग्रंथामुळे चार मापके रूढ झाली: बदल किती वेळा वापरात जातात, त्यांना किती वेळ लागतो, त्यांतील किती फसतात आणि बिघाडानंतर सेवा किती वेळात पूर्ववत होते. पहिली दोन वेग दाखवतात, उरलेली दोन स्थैर्य. म्हणून घाई करून केवळ पहिली सुधारली, तर इतर दोन बिघडून ते उघड होते. ही मापके व्यक्तीची नसून चमूच्या व्यवस्थेची आहेत. २०२१ मध्ये फोर्सग्रेन व सहकाऱ्यांनी मांडलेल्या 'स्पेस' चौकटीत समाधान, सहकार्य आणि कामातील अखंडता यांचाही समावेश आहे. त्यांपैकी समाधानाची माहिती संगणकातील नोंदींतून मिळत नाही, ती अभियंत्यांना विचारूनच घ्यावी लागते.