एका खाजेची कुळकथा

पावसाळा महिनाभर मुरला की आपल्या शहरात उस्मानपुऱ्यातून रेल्वे स्टेशनकडे जाताना रिकाम्या प्लॉटवर, नालीच्या कडेला आणि अर्धवट बांधकामासाठी आणून टाकलेल्या मुरमावर एकाच झाडाचे राज्य दिसते. गाजरासारखी कातरलेली पाने आणि शेंड्याला पांढरी बारीक फुले. कोणी त्याला गाजरगवत म्हणते, कोणी नुसतेच ‘काँग्रेस’. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. झाडाचे मूळ गाव मेक्सिकोच्या आखाताभोवती, पण त्याच्यामुळे उठणाऱ्या खाजेचा इतिहास लिहायचा तर सुरुवात पुण्यापासून करावी लागते. या झाडाने त्वचा बिघडल्याचे तुरळक रुग्ण अमेरिकेत आधीही होते. साथ म्हणावी इतके रुग्ण मात्र पहिल्यांदा पुणे परिसरात दिसले.

झाड इकडे आले कसे, याचे उत्तर आपल्याकडे तोंडपाठ आहे: पीएल-४८० च्या अमेरिकी गव्हातून. तारखा लावून पाहिल्या की हे उत्तर डळमळते. पीएल-४८० हा कायदा अमेरिकेत १९५४ मध्ये झाला आणि त्याखालचा भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला. गाजरगवत मात्र त्याआधीच पुण्यात होते. प्रा. परांजपे यांना १९५१ मध्ये पुण्याच्या उकिरड्यांवर त्याची तुरळक झाडे दिसल्याची नोंद आहे. १९५६ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात ‘भारतासाठी नवी नोंद’ म्हणून त्याचे वर्णन छापले. त्याही मागे गेले तर कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील झाडांच्या १८१४ च्या यादीत, म्हणजे रॉक्सबर्गच्या ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’मध्ये, हे नाव सापडते.

म्हणून गहू निर्दोष ठरतो असे नाही. १९५१ मध्येही अमेरिकेने भारताला कर्जाऊ गहू दिला होता. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये तर हेच झाड टेक्सासहून आणलेल्या गवताच्या बियाण्यातून पसरले. परदेशी धान्यातून तण येऊ शकते हे खरेच, पण एका बोटीवर आणि झाडाच्या बोलीतल्या नावातल्या पक्षावर खापर फोडून गोष्ट संपत नाही. बी एकदा आले. ते गावोगाव पोचवले ते मालगाड्यांनी, ट्रकच्या टायरांनी, शेणखताने, वाळू-मुरमाच्या खेपांनी आणि ओढ्या-कालव्यांच्या पाण्याने. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया धरतात. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. मूळ गावी त्याला खाणारे किडे आणि त्याच्यावर पडणारे रोग होते, ते इकडे आलेच नाहीत. माती उकरलेली जागा मिळाली की त्याला आणखी काही लागत नाही. वाढत्या शहराने अशी जागा त्याला भरपूर दिली.

आता खाजेकडे वळू. १९६० च्या दशकापासून पुण्याच्या डॉक्टरांकडे एका विशिष्ट तऱ्हेचे रुग्ण येऊ लागले. बहुतेक पुरुष, प्रौढ वयाचे, शेतात किंवा उघड्यावर काम करणारे. चेहरा, मान, पापण्या आणि कोपराचे खळगे लालसर, जाड, भेगाळलेले. उन्हाने होणाऱ्या त्वचारोगात वरच्या पापण्या, हनुवटीखालचा भाग आणि कानामागची जागा सावलीमुळे वाचते. इथे तीही सुटत नव्हती, कारण दोष उन्हाचा नव्हता, हवेतल्या धुळीचा होता. पावसात वाढायचे आणि झाड वाळून गेले की ओसरायचे, असे त्या दुखण्याचे वेळापत्रक होते. वर्षे गेली की तेही मोडायचे आणि खाज बारमाही व्हायची. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी हे रुग्ण आणि हे झाड यांचा संबंध जोडला. १९७४ मध्ये त्यांनी कॅनडाचे मिचेल आणि लंडनचे कॅलनन यांच्यासह त्यावर शोधनिबंध लिहिला आणि पुण्याचे गाजरगवत जगभरच्या त्वचारोगशास्त्रात पोचले.

झाडातला खोडसाळ पदार्थ म्हणजे पार्थेनिन. पान-खोडावरच्या सूक्ष्म केसांत तो साठलेला असतो. झाड वाळून त्याचा भुगा झाला की तो धुळीबरोबर उडतो, म्हणून झाडाला हात न लावताही त्रास होतो. हा रेणू इतका लहान असतो की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याची एकट्याची दखल घेत नाही. पण तो त्वचेतल्या प्रथिनांना घट्ट चिकटतो आणि त्या जोडीला शरीर परके समजते. त्वचेतल्या पहारेकरी पेशी ही खबर लसिका ग्रंथींपर्यंत नेतात. तिथे टी-पेशी तयार होतात आणि ती ओळख वर्षानुवर्षे जपतात. पुढच्या भेटीत एक-दोन दिवसांनी खाज उठते.

हे ज्ञानही एकदम हाती आले नाही. जर्मन डॉक्टर योसेफ यादासोन यांनी १८९५ मध्ये संशयित पदार्थ कातडीवर चिकटवून पाहण्याची रीत मांडली. तीच आजची पॅच टेस्ट. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला. साधी रसायने प्रथिनांशी जुळून प्रतिकारशक्तीला कशी डिवचतात, हे लँडस्टायनर आणि जेकब्स यांनी १९३५ मध्ये दाखवले. १९४२ मध्ये लँडस्टायनर आणि चेस यांनी गिनीपिगांवर सिद्ध केले की ही ॲलर्जी रक्तद्रवातून नव्हे, तर पेशींमधून एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाते. पुण्यातला रोग समजायला लागणारी सारी हत्यारे अशी आधीच तयार होती. आज भारतीय पॅच टेस्टच्या प्रमाणित संचात गाजरगवत हमखास असते.

या कुळाची दुसरी शाखा नाकाची आणि छातीची. गाजरगवताचे परागकण श्वासावाटे गेले की काहींना शिंका, डोळ्यांना पाणी, तर काहींना दमा सुरू होतो. इथे काम टी-पेशींच्या त्या उशिराच्या हल्ल्याचे नसून आयजीई या प्रतिपिंडाचे असते, आणि त्रास काही मिनिटांत सुरू होतो. हे प्रतिपिंड इशिझाका दांपत्याने १९६६ मध्ये ओळखले. म्हणजे झाड एकच, पण त्वचेच्या रुग्णाला पॅच टेस्ट लागते आणि शिंकणाऱ्याला सुई टोचून केलेली तपासणी. दोघांना एकच गोळी देऊन भागत नाही.

अलीकडच्या संशोधनाने आणखी दोन कोडी सैल केली आहेत. खाज वारंवार त्याच जागी का उठते? स्मृती जपणाऱ्या काही टी-पेशी रक्तात परत न जाता त्वचेतच मुक्काम ठोकतात, म्हणून जुनी जागा आधी पेटते. आणि त्याच रस्त्याने रोज जाणाऱ्या बहुतेकांना काहीच का होत नाही? त्वचा धडधाकट असणे, संपर्क कमी असणे ही कारणे आहेतच. शिवाय प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशीही आहेत. त्यांच्या शोधासाठी ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५ चे नोबेल मिळाले. शरीराला हळूहळू सवय लावायची म्हणून गाजरगवताचा अर्क रुग्णांना तोंडाने देण्याचे प्रयोग भारतीय डॉक्टरांनी त्याआधीच करून पाहिले होते. जुन्या, हट्टी रुग्णांसाठी दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी ॲझाथायोप्रिन वापरले. आता प्रतिकारशक्तीतला एखादा नेमका संदेश रोखणाऱ्या नव्या गोळ्याही काही ठिकाणी दिल्या जातात. ही सगळी औषधे रक्ततपासण्या करत, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायची.

झाडावरही उतारा शोधला गेला. १९८३ मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा नावाचा भुंगा बंगळुरूला आणला आणि तपासून १९८४ मध्ये सोडला. तो पावसाळ्यात गाजरगवताची पाने खाऊन टाकतो आणि कोरड्या दिवसांत जमिनीत दडून बसतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो सूर्यफुलावर दिसला आणि शेतकऱ्यांत घबराट पसरली. पुढच्या तपासात पिकाला त्याचा मोठा धोका आढळला नाही. पण एकटा भुंगा पुरेसा नाही, हे आपल्या प्लॉटकडे पाहिले तरी कळते.

मग आपण काय करायचे? दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला देशभर गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. पण उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात हे झाड फुलते, म्हणजे जूनच्या पावसावर आलेल्या झाडांसाठी ऑगस्टचा मध्य उशिराचा आहे. प्लॉटमालक, सोसायटी आणि महापालिका यांनी जुलैतच, जमीन ओली असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून ते मुळासकट उपटावे. फुलाआधीच्या झाडाचे कंपोस्ट करता येते. फुलल्यावर नुसते कापले तर ते बुडापासून पुन्हा फुटते, आणि वाळलेला भुगा झाडत बसलो तर तो आपल्याच डोळ्यांत जातो. ज्याला आधीच खाज आहे त्याने या कामाला जाऊ नये. शेवंती, सूर्यफूल अशा गाजरगवताच्या भाऊबंदांपासूनही जपून राहावे, कारण त्यांच्यातही तसलेच रेणू असतात. आणि पापण्या-मानेवर अशी खाज उठली, तर मेडिकलमधून गजकर्णाची ट्यूब आणून महिनोन् महिने चोळत बसू नका. घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन पॅच टेस्टची चौकशी करा.