संघातील जागेचा प्रश्न: अमेरिकेतील महाविद्यालयीन जिम्नॅस्टिक्स आणि खेळाडूभरती

विद्यापीठाच्या जिम्नॅस्टिक्स संघात आपल्याला जागा मिळण्याची कितपत शक्यता आहे, असे प्रशिक्षकाला विचारण्याची अमेरिकेतील प्रथा त्या खेळाच्या मानाने बरीच अलीकडची आहे. जर्मनीत जिम्नॅस्टिक्सचा पाया घालणाऱ्या फ्रीडरिश लुडविग यान याच्या परंपरेतील जर्मन निर्वासितांनी हा व्यायामप्रकार तेथे नेला. चार्ल्स बेक याने 1825 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील राउंड हिल शाळेत आणि चार्ल्स फॉलेन याने पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये त्याचे शिक्षण सुरू केले, परंतु त्या व्यायामशाळांचा हेतू विद्यार्थ्यांचे आरोग्य हा होता, निवडक स्पर्धक घडविणे हा नव्हता. महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली ती 1938 मध्ये, आणि तिचे विजेतेपद शिकागो विद्यापीठाकडे गेले.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो 1972 च्या ‘टायटल नाइन’ या कायद्यानंतर. केंद्रीय निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास त्याने मनाई केली. त्या काळी महिलांच्या महाविद्यालयीन स्पर्धा एआयएडब्ल्यू या स्वतंत्र संघटनेकडे होत्या, आणि शिष्यवृत्तीचे आमिष दाखवून खेळाडू गोळा करण्याच्या पुरुषी पद्धतीला तिचा विरोध असल्याने क्रीडाशिष्यवृत्त्यांवर तिने बंदी घातली होती. न्यायालयीन दाव्यामुळे 1973 मध्ये ती उठवावी लागली. पुढे जे घडले ते पाहता हा विरोध अगदीच भाबडा होता असे म्हणवत नाही. 1982 मध्ये एनसीएएने महिलांची स्पर्धा सुरू केली, ती यूटा विद्यापीठाने जिंकली, आणि जुनी संघटना लवकरच लयाला गेली.

एनसीएएच्या अखत्यारीत प्रशिक्षकाच्या उत्तरामागे एक ठरावीक गणित आले. वरच्या श्रेणीतील महिला संघाला बारा शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या विभागता येत नसत: मिळाली तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. शिक्षण चार वर्षांचे असल्याने वर्षाला सरासरी तीनच जागा रिकाम्या होत, म्हणून एखाद्या मुलीची शक्यता तिच्या कौशल्याइतकीच त्या वर्षी संघातून कोण बाहेर पडते यावर अवलंबून राही. व्हॉल्ट, विषम दांड, बीम आणि फ्लोअर या चार प्रकारांत प्रत्येकी सहा जणी उतरतात आणि सर्वोत्तम पाच गुण धरले जातात. अशा रीतीने संघाला एकूण चोवीस सादरीकरणे लागतात, आणि ज्या प्रशिक्षकाकडे दांडावरच्या मुली कमी आहेत त्याला चारही प्रकारांत मध्यम असणाऱ्या मुलीपेक्षा एकट्या दांडावर 9.9 गुण आणणारी मुलगी अधिक मोलाची वाटते. आंतरराष्ट्रीय महासंघाने 2006 मध्ये सोडलेली दहा गुणांची कमाल मर्यादा महाविद्यालयांनी कायम ठेवल्यामुळे तेथे अवघडपणापेक्षा निर्दोषपणाला अधिक मान आहे.

जागा थोड्या आणि इच्छुक फार, याचा परिणाम वयावर झाला. प्रशिक्षकाने शाळेच्या खालच्या वर्गांतील खेळाडूशी स्वतःहून संपर्क साधण्यास बंदी होती, मात्र खेळाडूने केलेला दूरध्वनी त्याला घेता येत असे; म्हणून विद्यापीठाचा प्रशिक्षक मुलीच्या क्लबमधील प्रशिक्षकाला निरोप देई आणि मुलगी ठरल्या वेळी दूरध्वनी करी. नियम पाळलाही जाई आणि मोडलाही जाई. या आडवाटेने आठवीतल्या मुलीही तोंडी होकार देऊन मोकळ्या होऊ लागल्या, जरी अशा होकाराला दोन्ही बाजूंनी कायदेशीर बंधन नव्हते आणि मधल्या वर्षांत दुखापत झाली किंवा प्रशिक्षक बदलला तर तो वाऱ्यावर जाई. 2019 मध्ये एनसीएएने ही वाट बुजवली: शालेय दहावीनंतरच्या 15 जूनपूर्वी भरतीविषयी बोलणेच, मग ते कोणी का सुरू केलेले असेना, निषिद्ध ठरले.

मुलांची कथा निराळी आहे. पुरुष संघाला 6.3 शिष्यवृत्त्या असत आणि त्या तुकड्यातुकड्यांनी वाटता येत, त्यामुळे तेथे ‘जागा आहे काय’ यापेक्षा ‘किती टक्के’ हाच प्रश्न चाले. मुळात विचारायला संघच उरले नाहीत. 1984 च्या ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या संघाला पीटर विडमार, मिच गेलॉर्ड आणि टिम डॅगेट देणाऱ्या यूसीएलएने 1994 मध्ये आपला संघ बंद केला, 2020 मध्ये आयोवा आणि मिनेसोटा यांनी तसाच निर्णय घेतला, आणि वरच्या श्रेणीत डझनभर संघ राहिले. याचा दोष टायटल नाइनला देण्याची रीत आहे; एकट्या अमेरिकन फुटबॉल संघाला 85 शिष्यवृत्त्या देत आलेली अंदाजपत्रके मात्र त्या चर्चेत सहसा येत नाहीत. तरीही 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळविणाऱ्या अमेरिकी संघातील पाचही जण याच मोजक्या विद्यापीठांत घडलेले होते.

2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाल्यावर सुनिसा ली हिच्यासारख्या ऑलिंपिकविजेत्याही महाविद्यालयांकडे वळल्या आणि सामान्य स्पर्धक मुलीची वाट आणखी अरुंद झाली. 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांपुरती, शिष्यवृत्त्यांची मर्यादा काढली, पण महिला संघाची एकूण संख्या वीसवर बांधून टाकली. त्यामुळे स्वखर्चाने शिकत संघात राहणाऱ्या, ‘वॉक-ऑन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलींना ‘शिष्यवृत्ती नाही, पण सरावाला ये’ असे सांगण्याची प्रशिक्षकाची जुनी सोय तेथे बरीच आटली.