आकडा नेमका कशाचा? ग्राफिक्स कार्डांच्या तुलनेचा इतिहास

नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं की आपण आधी काय करतो? जुन्या-नव्या कार्डांचे आकडे शेजारी शेजारी ठेवतो. याच्या सेकंदाला इतक्या फ्रेम्स, त्याच्या तितक्या. मग खिशाकडे बघतो. या आकड्यावर विसंबून आपण हजारो रुपये मोजतो, म्हणून आज त्याचाच इतिहास पाहू.

सुरुवात साधी होती. १९९६ साली आयडी सॉफ्टवेअरचा 'क्वेक' हा गेम आला. त्यात 'टाइमडेमो' ही आज्ञा दिली की रेकॉर्ड केलेला डाव संगणक जमेल तितक्या वेगानं पुन्हा दाखवायचा आणि शेवटी फ्रेम्सची सरासरी सांगायचा. डाव तोच, कार्ड वेगळं. तुलनेला याहून चोख पाया कुठला? पुढे १९९९ सालचा 'क्वेक ३ अरिना' ही तर सर्वांची मोजपट्टीच झाली.

पण पेपरातले प्रश्न आधीच ठाऊक असले की विद्यार्थी तेवढंच पाठ करतो! २००१ साली एटीआयच्या रेडिऑन ८५०० कार्डाची चाचणी घेणाऱ्यांनी गेमच्या फाइलमधलं 'क्वेक' हे नाव बदलून 'क्वॅक' केलं. गेम तोच; पण वेग घसरला आणि चित्र मात्र सुधारलं. म्हणजे ड्रायव्हर नाव ओळखून चित्राची प्रत उतरवत होता.

२००३ साली पाळी एनव्हीडियाची. 'थ्रीडीमार्क०३' या चाचणीत कॅमेऱ्याचा मार्ग ठरलेला असतो. कॅमेरा जिकडे वळणारच नाही, तिकडचं काढायची तसदी ड्रायव्हर घेत नव्हता. चाचणी बनवणाऱ्या फ्यूचरमार्कनं ही पळवाट बंद केली, तर जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्राचे गुण सुमारे २४ टक्क्यांनी उतरले. आता गंमत बघा. थोड्याच दिवसांत दोन्ही कंपन्यांचं संयुक्त निवेदन आलं : ही फसवणूक नव्हे, हे त्या चाचणीपुरतं केलेलं 'ऑप्टिमायझेशन'!

बरं, लबाडी नसली तरी सरासरी स्वतःच काही गोष्टी झाकते. एका सेकंदात ६० फ्रेम्स आल्या. पण त्यातली एकच २०० मिलिसेकंद अडकली आणि उरलेल्या ५९ भराभर आल्या, तर आकडा ६०च राहतो. खेळणाऱ्याला मात्र धक्का जाणवतोच. २०११ साली 'टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक फ्रेमचा वेळ मांडला, आणि त्यानंतर चाचण्यांची पद्धतच हळूहळू बदलली. आज सरासरीशेजारी 'एक टक्का लो' हा आकडा दिसतो, तो याच विचारातून. सर्वांत संथ फ्रेम्सचा हिशेब तिथे मिळतो.

मग आपण यातून काय घ्यायचं? आकडे खोटेच असतात, असं नाही. पण प्रत्येक आकडा हे एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर असतं. तो प्रश्न आपला आहे का, एवढं तपासायचं. आपण खेळतो तो गेम, आपल्या मॉनिटरचं रिझोल्यूशन, आपला प्रोसेसर. प्रोसेसर जुना असेल, तर नवं कार्ड त्याची वाट बघत बसेल, आणि तक्त्यातली वाढ घरी येणारच नाही. तेव्हा पैसे मोजण्याआधी आपल्याच संगणकावर आपलाच गेम मोजून बघा. 'टाइमडेमो'नं शिकवलेली मूळ गोष्ट हीच : डाव तोच ठेवा. फक्त तो डाव आपला असू द्या.