कपाटाची किल्ली

बंगळूरच्या कब्बन उद्यानात दिवाण शेषाद्रि अय्यर यांच्या स्मरणार्थ बांधलेली एक तांबडी इमारत आहे. राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय तिच्यात नांदते. त्या वेळच्या म्हैसूर राज्याने १९६५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि त्यांच्या खर्चासाठी उपकराची तरतूद केली. सार्वजनिक ग्रंथालयाला अशा रीतीने स्वतःचा झरा लाभला. शाळेच्या ग्रंथालयाला मात्र तो लाभला नाही. ते बिचारे शिक्षणखात्याच्या ओंजळीनेच पाणी पीत राहिले.

याच शहरात शियाळी रामामृत रंगनाथन यांनी आयुष्याची अखेरची वर्षे घालविली. १९६२ साली भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आश्रयाने त्यांनी येथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारले, आणि १९७२ च्या सप्टेंबरात येथेच त्यांचे निधन झाले. ग्रंथालयशास्त्राचा हा आचार्य मूळचा गणिताचा शिक्षक होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपालपद त्यांच्याकडे आले, तेव्हा अवघ्या काही दिवसांत त्या रिकाम्या शांततेला कंटाळून त्यांनी पुन्हा वर्गावर जाण्याची परवानगी मागितली होती! लंडनला जाऊन यावे, त्यानंतरही मन रमले नाही तर खुशाल परतावे, अशी तडजोड झाली. लंडनमध्ये सर्व थरांतील माणसे, आणि लहान मुलेही, ग्रंथालयात मोकळेपणाने वावरताना त्यांनी पाहिली. गणिताचा शिक्षक परतला तो ग्रंथपाल होऊनच.

१९३१ साली त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिल्याचा आशय एवढाच की, ग्रंथ हे जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतात. किती साधी गोष्ट! परंतु शाळेत तीच सर्वांत अवघड ठरली. १९४२ साली त्यांनी शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. पुढे दहा वर्षांनी नेमल्या गेलेल्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळा पाहिल्या, तेव्हा त्याला बहुतेक ठिकाणी जुनाट पुस्तके, ती मुलांच्या आवडीचा विचार न करता निवडलेली, मोजकी कपाटे, आणि ती सांभाळणारा एखादा कारकून किंवा उदासीन शिक्षक, एवढेच आढळले. प्रशिक्षित ग्रंथपाल नेमावा आणि त्याला वरिष्ठ शिक्षकाच्या बरोबरीचा दर्जा द्यावा, अशी शिफारस आयोगाने केली.

कुलूप का पडते, हे पाहिल्यावाचून त्या शिक्षकाला दोष देणे न्यायाचे होणार नाही. पुस्तक हे दप्तरात जडवस्तूंच्या नोंदवहीत चढते. खुर्ची, टेबल, घंटा आणि कोश सारे एकाच पंक्तीला. वर्षअखेर मोजदाद होते आणि एखादे पुस्तक कमी भरले, तर ज्याच्या हाती किल्ली त्याच्या वेतनाला चाट बसण्याची धास्ती असते. मग न वाचले गेलेले पुस्तक हेच सर्वांत सुरक्षित पुस्तक, असा हिशेब एखाद्या कुटुंबवत्सल माणसाने केला तर नवल नाही. मराठीतला ‘ग्रंथपाल’ हा शब्दही द्वारपालाच्या कुळातला आहे. पालन आणि पहारा यांतील अंतर तो शब्द सांगत नाही. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी मात्र या बाबतीत शहाणपण दाखविले आहे. वर्षभरात वापरल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ झाले आणि त्यात अप्रामाणिकपणा वा हयगय नसेल, तर ती हानी वाजवी समजावी, असे ते नियम म्हणतात. २००५ च्या नियमांत ही तरतूद होती आणि २०१७ च्या नियमांतही ती राहिली. येथे सूट मोजली जाते ती वापरावर. म्हणजे कपाट बंद ठेवणाऱ्याला तिचा काहीच लाभ नाही. रूक्ष नियमावलीत रंगनाथनांचे पहिले सूत्र असे नकळत शिरले आहे. खेड्यातल्या शाळेच्या मुख्याध्यापकापर्यंत त्या सवलतीचा आशय पोहोचला, तर पुष्कळ काम होईल.

मराठी माणसाला याहून जुना धडा बडोद्याने दिला होता. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलाविले. पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी गेल्या आणि मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग झाला. पेटी गावात जाते ती उघडण्यासाठीच. तिला कुलूप असलेच तर ते प्रवासापुरते.

महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. शाळेतील ग्रंथपाल मात्र पटसंख्येच्या गणितात अडकला. पट पुरेसा असेल तर पूर्णवेळ, नसेल तर अर्धवेळ. आणि लहान शाळेत, जिथे घरी पुस्तक असण्याचा संभव सर्वांत कमी, तिथे ग्रंथपालच नाही.

अलीकडे समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना पुस्तकांसाठी वार्षिक पाच ते वीस हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले, आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात मुलांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली. पडद्यावरच्या ग्रंथांना कुलूप नसते, म्हणून ग्रंथपाल कालबाह्य झाला असे कित्येकांना वाटते. प्रत्यक्षात अडचण उलट झाली आहे. पूर्वी मुलापुढे पुस्तक नव्हते. आता लाख मजकूर आहेत आणि त्यांत खरा कोणता, खोटा कोणता, हे सांगणारे कोणी नाही. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक गाठून देण्याचे काम यंत्र काही अंशी करील. पण आठवीतल्या अबोल मुलाला आज काय हवे आहे, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखण्यासाठी रंगनाथनांच्या मते माणूसच हवा होता, आणि तो शिक्षकाच्या तोलाचा हवा होता. शाळेच्या ग्रंथालयावरचे त्यांचे नवे पुस्तक १९७३ साली, म्हणजे मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. आयुष्याच्या अखेरीसही हा गणिताचा शिक्षक शाळेच्या त्या कपाटापाशीच उभा होता.