वेज फिनिश
गोल्फमधील वेज या क्लबच्या धातूवर निर्मितीच्या अखेरच्या टप्प्यात केल्या जाणाऱ्या पृष्ठप्रक्रियेस वेज फिनिश असे म्हणतात. वेज हा साधारणतः ४४ ते ६४ अंश लॉफ्ट असलेला, कमी अंतरावरून चेंडू उंच उडवून ग्रीनवर थांबवण्यासाठी वापरला जाणारा क्लब आहे. फिनिशचा परिणाम प्रामुख्याने चकाकी, गंजरोधकता आणि टिकाऊपणा यांवर होतो. चेंडूच्या उलट्या फिरकीवर (बॅकस्पिन) होणारा परिणाम त्या मानाने अल्प असतो.

प्रकार
* क्रोम : निकेल व क्रोमियमचा मुलामा. गंजास उत्तम प्रतिकार करतो; मात्र उन्हात चकाकतो. मुलामा खरखरीत ठेवल्यास चकाकी कमी होते.
* काळे फिनिश : ऑक्साइड प्रक्रियेने अथवा कठीण पातळ थर देऊन केले जाते. चकाकी कमी असते. परंतु वापराने, विशेषतः वाळूच्या घर्षणाने, रंग झिजतो.
* रॉ : मुलामा नसलेले कार्बन पोलाद. चकाकी कमी असते; दमट हवेत लवकर गंजते.
काही वेजमध्ये उर्वरित भागावर मुलामा देऊन केवळ मुख रॉ ठेवले जाते. पाणी झटकून टाकणारी फिनिशही उपलब्ध आहेत. पिंग कंपनीचे हायड्रोपर्ल हे त्याचे उदाहरण होय.

फिरकीशी संबंध
फिरकी ही मुखाची गती, आघातसमयीचा लॉफ्ट व क्लबच्या मार्गाची दिशा यांमधील कोन, चेंडूचे आवरण आणि मुख व चेंडू यांमधील घर्षण यांवर अवलंबून असते. मुखावरील खाचांचे मुख्य कार्य गवत व पाणी यांना वाट करून देणे हे आहे. त्यामुळे ओल्या किंवा दाट गवतात खाचांचे महत्त्व वाढते. युरेथेन आवरणाचा चेंडू कठीण आवरणाच्या चेंडूपेक्षा छोट्या फटक्यांत अधिक फिरकी घेतो.

नियम
युएसजीए व आर अँड ए या नियामक संस्थांनी २००८ मध्ये जाहीर केलेले खाचांविषयीचे नियम १ जानेवारी २०१० पासून लागू झाले. २५ अंश वा अधिक लॉफ्टच्या क्लबमध्ये खाचेच्या कडेची त्रिज्या किमान ०.०१० इंच असावी लागते. ही मर्यादा तयार क्लबला लागू असल्याने रॉ असो वा क्रोम, कोणत्याही वेजच्या कडा त्याहून तीक्ष्ण ठेवता येत नाहीत.

गंजाविषयीचा समज
गंजलेल्या मुखामुळे फिरकी लक्षणीयरीत्या वाढते, असा समज खेळाडूंमध्ये रूढ आहे. प्रत्यक्षात गंजाचा थर पातळ व ठिसूळ असून आघाताच्या जागी तो वापराने निघून जातो. खाचा झिजणे किंवा मातीने भरणे यांमुळे होणारी फिरकीतील घट फिनिशमधील फरकापेक्षा अधिक महत्त्वाची ठरते.

निवड
समुद्रकिनाऱ्यालगतच्या दमट, खाऱ्या हवेत क्रोम फिनिशची देखभाल सोपी असते. प्रखर उन्हात खेळणारे खेळाडू काळे किंवा रॉ फिनिश पसंत करतात. रॉ वेज वापरानंतर कोरडा पुसून ठेवावा लागतो. फिरकी टिकवण्यासाठी मात्र कोणत्याही फिनिशच्या वेजच्या खाचा स्वच्छ ठेवणे आणि झिजलेला वेज वेळेवर बदलणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा
* गोल्फ
* गोल्फ चेंडू
* गंज