उंबरठ्याचा हक्क

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बंगळूरच्या शिवाजीनगर भागातील एका इमारतीत मी भाड्याच्या सदनिकेत राहतो. एके संध्याकाळी कचेरीतून परतलो, तो दाराचे कुलूप जसेच्या तसे. परंतु आत फरशीवर ओल्या पावलांचे ठसे, न्हाणीघरातली बादली भलत्याच जागी आणि टेबलावर पसरून ठेवलेली पत्रे एका बाजूला सारलेली. चौकशी करता उलगडा झाला. खालच्या मजल्यावर पाणी झिरपत होते, म्हणून सदनिकाधारकांच्या संघाने मालकाकडची दुसरी किल्ली आणवून नळ दुरुस्त करून घेतला होता. चोरी झाली नव्हती, नुकसानही नव्हते. मी चिटणीसांना एवढेच म्हणालो, "आधी कळवायला हवे होते." ते सौजन्याने उत्तरले, "मालकांना कळवले होते की!"

या उत्तराने मी विचारात पडलो. कारण श्रोतेहो, मी स्वतः सरकारी नोकर आहे. तपासणीसाठी परक्याच्या घरात जाण्याच्या आदेशांवर मी सह्या केल्या आहेत. आणि त्या वेळी त्या घरात प्रत्यक्ष नांदणाऱ्या माणसाला काय वाटेल, हा प्रश्न मला पडल्याचे आठवत नाही. उंबरठा कोणाचा? ज्याच्या नावावर घर आहे त्याचा, की त्या घरात जो चूल पेटवतो त्याचा?

या प्रश्नाचा इतिहास आपल्याकडे बराच जुना आहे. १८८२ साली मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा झाला. त्यात भाडेकरूला निर्वेध उपभोगाची हमी मिळाली, आणि घराची स्थिती पाहण्यासाठी आत येण्याचा अधिकार मालकाला मिळाला. पण तो 'वाजवी वेळी'. हे दोन शब्द लहान दिसतात. परंतु दार उघडण्याचा अधिकार असणे आणि ते वाटेल तेव्हा उघडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे त्या शब्दांनी मान्य केले होते.

त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी त्याच सरकारला या मर्यादेचा विसर पडला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लवकरच पुण्यात पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. मुळात तो चार कलमांचा. सरकारला जे नियम आवश्यक वाटतील ते करण्याची मुभा त्यात होती. वाजवी वेळेचा मात्र उच्चार नव्हता. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि मार्चपासून मेपर्यंत गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर फिरल्या. माजघर, स्वयंपाकघर, देवघर असा भेद उरला नाही. वाड्याचा मालक आणि वाड्यात दोन खोल्यांत बिऱ्हाड करणारा भाडेकरू दोघेही सारखेच हतबल झाले.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. प्लेग खोटा नव्हता. रोगी लपवले जात होते आणि लपवल्याने साथ पसरत होती. घरे तपासणे आवश्यकच होते. परंतु पूर्वसूचना नाही, कारण सांगणे नाही, घरच्या माणसांचा मान राखणे नाही, अशा रीतीने केलेल्या तपासणीने लोक अधिकच रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही प्लेगच्या तपासणीवरून दंगल उसळली. त्यानंतर सक्तीचा जोर ओसरत गेला आणि समजावणी व लस यांवर भर आला. दारावर लाथ मारून जे साधले नाही, ते दार ठोठावून काही अंशी साधले.

ऑगस्ट १८९८ मध्ये प्लेग बंगळुरात आला. तेव्हा शहर म्हैसूरच्या महाराजांकडे आणि छावणी इंग्रजांकडे होती. आजचे शिवाजीनगर म्हणजे त्या छावणीतली दाट वस्तीची ब्लॅकपल्ली. एकेकाळी शहाजीराजांची जहागीर असलेल्या या गावात शिवछत्रपतींचे नाव या भागाला पुढे मिळाले. साथीनंतर शहराच्या बाजूला मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी, तर छावणीच्या बाजूला फ्रेझर टाऊन अशा मोकळ्या वसाहती वसल्या. मोकळी हवा मिळाली. परंतु उंबरठ्याचा प्रश्न तसाच राहिला.

पुढे माणसे एकमेकांच्या डोक्यावर राहू लागली. एकाचा नळ म्हणजे दुसऱ्याचे छत. १९७० मध्ये महाराष्ट्राने आणि १९७२ मध्ये कर्नाटकाने सदनिकांच्या मालकीचे कायदे केले. सामायिक भागांच्या देखभालीसाठी किंवा तातडीच्या दुरुस्तीसाठी सदनिकेत जाण्याचा अधिकार त्यांनी संघाला दिला, तोही 'वाजवी वेळी'. १८८२ चे ते दोन शब्द परत आले. पण संघ मालकांचा. भाडेकरू त्याचा सभासद नव्हे. ज्याचे दार उघडायचे, त्यालाच सभेत बसायला जागा नाही.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. दाद मागणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. खाजगीपणा जागेला नव्हे, व्यक्तीला चिकटलेला असतो, हे त्या निर्णयाचे एक सूत्र. हा निर्णय मुख्यतः राज्यसत्तेला उद्देशून आहे. आमच्या चिटणीसांना त्याचा थेट धाक नाही. २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात मालकाने चोवीस तास आधी लेखी कळवावे, सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर येऊ नये, आग किंवा पूर यांसारख्या आपत्तीत मात्र ही अट नसावी, असे सुचवले आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच त्याला बळ येते.

मी संघाला एक अर्ज लिहिला. राहणाऱ्याला आदल्या दिवशी कळवावे, तातडी असल्यास दूरध्वनी करावा, दोघांनी मिळून आत जावे आणि कोण, केव्हा, कशासाठी गेले याची वहीत नोंद ठेवावी. अर्ज परत आला. त्यावर शेरा होता: 'अर्जदार सभासद नाहीत. मालकांमार्फत पाठवावा.' मी तो मालकांमार्फत पाठवला आहे.

दरम्यान कचेरीत तपासणीचा एक मसुदा माझ्यासमोर सहीसाठी आला. सही करण्यापूर्वी त्यात मी एक ओळ घातली: 'सूचना मालकाबरोबरच प्रत्यक्ष राहणाऱ्यासही द्यावी.'